सुशोभीकरणाचा निधी बाजूला ठेवा, आधी कोष्टके उघडा

प्रति,
महानगरांच्या नगररचना विभागांतील अधिकारी आणि विकास नियंत्रण नियमावलीचा मसुदा करणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

शहराला ‘ओळख’ मिळवून देण्याच्या निविदा निघतात तेव्हा त्यांतल्या बाबी ठरलेल्या असतात. वेशीवर कमान, चौकात कारंजे, पुलाला रंग बदलणारे दिवे, नदीकाठी शहराच्या नावाची माणसाएवढी अक्षरे. हे सगळे उभे राहिल्यावरही एका शहराचा फोटो दुसऱ्या शहराच्या नावाने सहज खपून जातो. अक्षरे तेवढी बदलावी लागतात.

महानगराचे रूप ठरते ते नियमावलीच्या मागच्या पानांवर. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची, सामासिक अंतरे (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये सोडायची जागा), पार्किंग, भूखंडाचा आकार, भिंतीबाहेर किती काढता येईल याची मोजमापे: ही पाच कोष्टके ठरली की रेखाटनाच्या टेबलावर ठरवायला फारसे काही उरत नाही. त्या कोष्टकांत काय बिघडते, का बिघडते आणि कोणता आकडा बदलला तर काय बदलेल, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पॅरिसचे उदाहरण सगळेच देतात, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. बॅरन ओस्मान यांनी १८५३ ते १८७० या काळात रुंद रस्ते काढले हे खरे. पण त्या रस्त्यांच्या कडेच्या बहुतेक इमारती खासगी लोकांनी, भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या. तरीही त्या एका हाताने काढल्यासारख्या दिसतात, कारण १८५९ च्या हुकमाने २० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यांवर दर्शनी भिंत २० मीटरपर्यंतच नेता येत असे आणि त्यावरचे छप्पर ४५ अंशांच्या रेषेत बसवावे लागे. जस्ताची ती उतरती छपरे आणि त्यांतल्या पोटमाळ्याच्या खिडक्या म्हणजे त्या रेषेच्या आत होईल तेवढी जागा बसवण्याची मालकांची धडपड. त्याआधी, १८५२ मध्ये, दर्शनी भिंत दर दहा वर्षांनी स्वच्छ करण्याची किंवा रंगवण्याची सक्ती आली होती. बांधकामाचा नियम आणि देखभालीचा नियम अशी जोडी जमली म्हणून ते रूप टिकले. आजच्या बहुतेक नियमावल्यांत जोडीतला दुसरा नियम नावालाच असतो.

न्यूयॉर्कमध्ये तर एकाच शहरात दोन नियम शेजारी-शेजारी उभे असलेले दिसतात. १९१५ मध्ये पूर्ण झालेली इक्विटेबल बिल्डिंग फुटपाथपासून सरळसोट ३८ मजले वर गेली आणि भोवतालचे रस्ते अंधारले. १९१६ च्या नियमाने भिंतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी जोडली आणि त्यापुढे इमारत मागे सरकत नेणे भाग पाडले. भूखंडाच्या २५ टक्के भागावर मात्र मनोरा हवा तेवढा उंच नेता येई. पायऱ्या-पायऱ्यांचे ते प्रसिद्ध मनोरे या एका वाक्याची देणगी. मग १९६१ मध्ये नियम बदलला. भूखंडावर लोकांसाठी मोकळी जागा सोडली तर जास्तीचे बांधकाम मिळू लागले. लगेच मनोरे रस्त्यापासून मागे गेले, एकेकटे उभे राहिले, आणि पुढे ओकीबोकी, वाऱ्याने झोडपलेली फरशी उरली. वास्तुरचनाकार त्याच तालमीतले होते, भूखंडही तेच होते.

लंडनच्या खिडकीचे उदाहरण याहून बारीक आहे. जुन्या घरांत खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट बसवलेली असे. आग लागली की ती चौकटीवरून चौकटीवर चढत जाई. १७०९ च्या कायद्याने चौकट चार इंच आत घ्यायला लावली. उद्देश आगीचा होता, पण त्या चार इंचांत विटांची जाडी उघडी पडली आणि प्रत्येक खिडकीला सावलीची कड मिळाली. लंडनच्या अठराव्या शतकातल्या साध्या, नक्षी नसलेल्या घरांच्या रांगा आजही खोल आणि भारदस्त वाटतात त्याचे बरेच श्रेय या चार इंचांना आहे. आज अॅल्युमिनियमची सरकती खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवतात, कारण आत कट्टा मिळतो आणि बसवणे सोपे जाते. मग दर्शनी भाग कागदावर चिकटवलेल्या चित्रासारखा दिसतो आणि ती उणीव भरून काढायला वर खोट्या पट्ट्या लावाव्या लागतात. काचेची पातळी बाहेरच्या गिलाव्यापासून किमान १०० मिलिमीटर आत असावी, हे एक वाक्य नियमावलीत घाला. त्याला खर्च जवळजवळ नाही.

बर्लिनमधली १८५३ ची तरतूद अग्निशमनाच्या बंबाला वळायला ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटरचे अंगण पुरते, एवढाच हिशेब करून लिहिली गेली. जमिनीच्या मालकांनी नेमके तेवढेच अंगण ठेवले आणि एकामागून एक अंधारी अंगणे असलेल्या चाळी उठल्या. किमान म्हणून लिहिलेला आकडा बाजारात कमाल होतो. कोष्टकात कोणताही आकडा घालताना हा धाक असू द्यावा.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो: तळमजला.

चालणारा माणूस तासाला सुमारे ५ किलोमीटर चालतो. म्हणजे १०० मीटरला ७२ सेकंद. दुकाने किंवा दारे साडेपाच मीटरच्या अंतराने असतील तर दर ४ सेकंदांनी त्याच्या समोर नवे काहीतरी येते. तीच १०० मीटर एक कुंपणभिंत आणि दोन फाटके असतील तर सव्वा मिनिट तो एका भिंतीशेजारून चालतो. रस्ता कंटाळवाणा आहे की जिवंत, हे जवळजवळ पूर्णपणे या हिशेबावर ठरते. विसाव्या मजल्यावर काय आहे हे त्याला मान वर केल्याशिवाय दिसतही नाही. आणि तरी आपल्याकडे मंजुरीला येणाऱ्या नकाशांत सगळ्यात जास्त मेहनत वरच्या मजल्यांवर घेतलेली असते, तळाशी मात्र ‘स्टिल्ट’ (म्हणजे नुसत्या खांबांवरची, गाड्या लावायची मोकळी जागा) असे लिहून मोकळे होतात.

तळमजला मरतो त्याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही कोष्टकांतली आहेत.

पहिले, भूखंडांचे एकत्रीकरण. १२ मीटर दर्शनी रुंदीचे आठ भूखंड एकत्र केले की ९६ मीटरचा एक भूखंड होतो आणि आठ दारांच्या जागी एक फाटक येते. एकत्रीकरणाला आमचा विरोध नाही. लहान भूखंडांवर जिना, लिफ्ट आणि आगीसाठीची अंतरे बसवताना जागा वाया जाते, हे खरेच आहे. पण परवानगी देताना अट घाला की तळमजल्यावर दर १२ ते १५ मीटरला रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार हवे आणि भिंतीच्या पातळीत किमान ३०० मिलिमीटरचा खंड हवा. केवळ रंगाचे वेगवेगळे पट्टे मारून ‘विविधता’ दाखवली तर ती धरू नये. हे पट्टे दोन पावसाळ्यांत एकसारखे मळकट होतात.

दुसरे, पार्किंग. एका मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण मधली वाट, उतार, खांब धरून प्रत्येक मोटारीला प्रत्यक्षात २५ ते ३० चौरस मीटर लागतात. १२० सदनिका आणि प्रत्येकी दीड मोटार असा नियम असेल तर १८० मोटारी, म्हणजे सुमारे ५,००० चौरस मीटर. पोडियमचा, म्हणजे मनोऱ्याखालच्या रुंद बैठ्या भागाचा, एक मजला १,५०० चौरस मीटरचा धरला तर हे तीनहून अधिक मजले होतात, बांधताना चार. मजल्याची उंची ३.३ मीटर धरा. फुटपाथपासून १३ मीटरपर्यंत एकही माणसाची खिडकी नाही, फक्त जाळी. असे दहा पोडियम ओळीने आले की रस्त्याचा खालचा सगळा थर मोटारींचा होतो आणि माणसे त्यावर राहायला जातात.

यात विकासकाच्या लोभाचा भाग कमी, हिशेबाचा जास्त. बहुतेक ठिकाणी पार्किंगचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात (भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या आकड्यात) धरत नाहीत, पण त्या पार्किंगसमोर रस्त्याच्या बाजूला दुकाने किंवा घरे काढली तर ती धरतात. मग शहाणा माणूस जाळीच लावणार. उपाय सरळ आहे. पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला ६ ते ८ मीटर खोलीची दुकाने, कार्यालये किंवा छोटी घरे बंधनकारक करा आणि तेवढे क्षेत्र निर्देशांकातून वगळा. मोटारी त्यांच्या मागे जातील. मोटारींचे प्रवेशद्वार एकच, ६ मीटरपेक्षा रुंद नको, आणि बाजूची गल्ली असेल तर तिथूनच. तिथे फुटपाथची पातळी सलग ठेवा. मोटारीने फुटपाथवर चढून उतरावे, माणसाने खड्ड्यात उतरून चढू नये. आणि मोटारींच्या किमान संख्येचा नियमच काढून टाकता येतो का, हे रेल्वे किंवा मेट्रो स्थानकांभोवती तरी तपासा. नाहीतर वरचे सगळे मलमपट्टीच ठरेल.

तिसरे, पुढचे सामासिक अंतर. ते ठेवले उजेड, वारा आणि भविष्यातल्या रस्तारुंदीसाठी. प्रत्यक्षात त्या ३ मीटरच्या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पहारेकऱ्याची खोली आणि गाड्या येतात आणि त्यापुढे पुरुषभर उंच भिंत. बाजारपेठेच्या रस्त्यांवर हा नियम उलटा करा: दर्शनी लांबीचा किमान ७० टक्के भाग ठरलेल्या रेषेवर असलाच पाहिजे, आणि मोकळी जागा मागे, शेजाऱ्यांच्या मोकळ्या जागेला जोडून. तळमजल्याची उंची ४ ते साडेचार मीटर हवी, म्हणजे दुकान आज आहे ते उद्या दवाखाना किंवा वाचनालय होऊ शकते. आणि जोते फुटपाथच्या पातळीला. पूर येणाऱ्या भागात जोते ६० ते ९० सेंटिमीटर उचलावेच लागते, तिथे पायऱ्या आणि उतार भूखंडाच्या आत घ्यायला लावा. नाहीतर प्रत्येक दुकानदार आपल्या दोन पायऱ्या फुटपाथवर टाकतो आणि चालणारा डांबरावर उतरतो.

छत असलेला पदपथ हा यावरचा जुना आणि टिकाऊ उपाय. इटलीतल्या बोलोन्यात १२८८ च्या नियमाने नव्या घरांना असा पदपथ सक्तीचा केला: जमीन खासगी, वावर सार्वजनिक, किमान उंची २.६६ मीटर, म्हणजे घोडेस्वार जाऊ शकेल एवढी. आज त्यांची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. सिंगापूरच्या १८२२ च्या आराखड्यातही घरांपुढे सलग, सदैव खुल्या व्हरांड्याची अट होती. या दोन्ही शहरांची ओळख आजही त्या सावलीत आहे. नवीन ठिकाणी हे फसते ते पातळीमुळे. प्रत्येक इमारत आपले जोते आपल्या मर्जीने ठरवते आणि पदपथात दर १५ मीटरला पायरी येते. म्हणून पातळी भूखंडधारकाने ठरवायची नाही. ती विभागाने मोजून लेखी द्यायची, आणि जोत्याच्या तपासणीत ती जुळली नाही तर पुढचे काम थांबवायचे. स्वच्छ रुंदी अडीच मीटरपेक्षा कमी नको, रस्त्याकडे चाळीसास एक असा उतार हवा. मग त्यात सामान मांडणाऱ्यांशी रोज भांडण होईल, ते चालायचेच.

बार्सिलोनाचा धडा आमच्या मते सगळ्यात उपयोगी आहे. इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९ च्या आराखड्यात सुमारे ११३ मीटरचे चौकोनी गट, २० मीटरचे रस्ते आणि तिरपे कापलेले कोपरे आखले. गटाच्या दोनच बाजूंना बांधकाम आणि मध्ये बाग असे त्यांच्या मनात होते. मालकांनी चारही बाजू बांधल्या, उंची वाढवली, आतल्या बागाही व्यापल्या. कापलेले कोपरे मात्र राहिले, आणि आज विमानातूनही शहर ओळखू येते ते त्या कोपऱ्यांमुळे. कोपरा रस्त्याच्या आखणीचा भाग होता, बाग भूखंडाच्या आत होती. जे रूप टिकावे असे वाटते ते सार्वजनिक रेषेत घाला. भूखंडाच्या पोटात घातलेली गोष्ट रोजच्या अंमलबजावणीवर जगते, आणि त्यासाठी माणसे किती आहेत ते आपल्याला ठाऊक आहे.

आता भिंतीविषयी, कारण पाच वर्षांत शहर म्हातारे दिसू लागते ते पाण्यामुळे. खिडकीखालच्या सिलचा दगड गिलाव्याच्या ४० ते ५० मिलिमीटर बाहेर हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून २० मिलिमीटर आत, १० ते १२ मिलिमीटर रुंद खाच हवी. पाणी त्या खाचेशी तुटते आणि थेंब भिंतीपासून दूर पडतो. खाच नसेल तर पाणी दगडाच्या खालून भिंतीकडे परतते, सोबत धूळ आणते आणि प्रत्येक खिडकीखाली दोन काळ्या मिशा उमटतात. खाच असूनही डाग पडले तर बहुतेक वेळा रंगाऱ्याने दुसऱ्या हाताच्या वेळी ती पुट्टीने भरलेली असते. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला उतार आतल्या बाजूला हवा, बाहेर नको. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीची तपासणी सोपी आहे: प्रत्येक बाजूच्या तीन-चार खिडक्यांच्या सिलवर एकेक बादली पाणी ओता आणि खाली उभे राहून पाहा. भिंत ओली झाली तर प्रमाणपत्र थांबवा.

वातानुकूलन यंत्रांचेही तसेच. नकाशात जागा दाखवली नाही तरी यंत्रे येणारच. प्रत्येक खोलीमागे ७० सेंटिमीटर खोल आणि किमान एक मीटर रुंद कप्पा, त्यात स्वतंत्र निचरा नळी आणि दुरुस्तीसाठी आतून पोहोचण्याची सोय हवी. समोर बारीक, दाट झडपा लावल्या तर गरम हवा आतच फिरते, यंत्र बंद पडते आणि रहिवासी पहिल्याच उन्हाळ्यात झडपा उखडून टाकतात. अर्ध्याहून अधिक मोकळी जाळी द्या.

एकाच दगडाची किंवा रंगाची सक्ती करावी का, असा प्रश्न समित्यांत नेहमी निघतो. जेरुसलेममध्ये १९१८ पासून स्थानिक दगडाचा नियम आहे आणि त्याने शहराला एकसंधपणा दिला, यात वाद नाही. पण तिथे तो दगड शतकानुशतके बांधकामात होता. जिथे अशी परंपरा नाही तिथे सक्ती केली की दगडाचा छाप असलेले पत्रे येतात. काचेच्या परावर्तनावर मर्यादा आणि भिंतीच्या खोलीवर किमान अट, एवढे पुरे.

फलकांच्या बाबतीत साओ पाउलोने २००७ पासून जाहिरात फलकांवर बंदी घातली आणि दुकानाच्या पाटीला दर्शनी रुंदीनुसार आकार ठरवून दिला: १० मीटरपर्यंत दीड चौरस मीटर, त्यापुढे १०० मीटरपर्यंत ४ चौरस मीटर. नियम लहान आणि फुटपट्टीने मोजता येणारा आहे, म्हणून चालला. फलक उतरवताना लोखंडी सांगाडे आणि भिंतीतली भोके बुजवणेही त्याच नोटिशीत घाला, नाहीतर आधीपेक्षा वाईट दिसते.

दिव्यांबद्दल एकच: एका रस्त्यावर प्रकाशाची छटा एक ठेवा, ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे उबदार पिवळसर. भांडारात जो दिवा असेल तो लावत गेल्याने निळसर आणि पिवळ्या ठिपक्यांची रांग होते. फुटपाथसाठी ४ ते ५ मीटरचे वेगळे खांब हवेत, कारण १० मीटरच्या खांबाचा उजेड झाडाच्या शेंड्यावरच थांबतो.

फरशी खोदल्यावरची ठिगळे हा तांत्रिक प्रश्न नाही, कंत्राटाचा आहे. खोदणारा वेगळा, भरणारा वेगळा, आणि तोच दगड कोणाकडेच नाही. मूळ कामाच्या वेळीच ५ ते १० टक्के जास्तीचा दगड विकत घेऊन विभागाच्या भांडारात ठेवा. चर १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर ठोकून भरायला लावा. एकदम माती लोटून वर फरशी बसवली की पहिल्या पावसात ती दबते.

क्षितिजरेषेवर आम्ही थोडेच लिहितो आहोत, कारण ती लांबून दिसते आणि लोक जवळ राहतात. तरी कोणत्या जागेवरून काय दिसत राहावे हे आधी ठरवले की उंचीचे भांडण निम्मे मिटते. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचे दृश्य सुमारे १६ किलोमीटर दूरच्या रिचमंड पार्कमधून जपले जाते, व्हँकुव्हरने १९८९ मध्ये डोंगरांकडे पाहण्याच्या रेषा राखून ठेवल्या. पॅरिसने मात्र २१० मीटरचा मोंपार्नास मनोरा १९७३ मध्ये आधी उभा राहू दिला आणि उंचीवर बंधन १९७७ मध्ये घातले.

आता मसुद्याबद्दलची मागणी. नवीन नियमावली हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची परीक्षा घ्या. प्रत्यक्षातला एक किलोमीटर रस्ता निवडा. त्यावर तीन भूखंड धरा: एक मधला, एक कोपऱ्याचा, एक एकत्रीकरण केलेला. तिन्हींवर मसुद्यानुसार जास्तीत जास्त विक्रीयोग्य क्षेत्र काढायचे काम द्या, आणि ते नियम लिहिणाऱ्याला देऊ नका. याच कामात मुरलेल्या, बाजारातल्या वास्तुरचनाकाराला रीतसर फी देऊन द्या. तो नियमातली प्रत्येक फट शोधेल आणि तेच हवे आहे. त्यातून आलेल्या इमारतींचा रस्त्यासकट उभा छेद १:१०० मध्ये आणि तळाच्या पाच मीटरचा दर्शनी भाग १:२० मध्ये काढून घ्या. त्या रेखाटनात फुटपाथलगत ६ मीटरपेक्षा लांब कोरी भिंत किंवा जाळी दिसली, तर ती कोणत्या कोष्टकातल्या कोणत्या आकड्यामुळे आली ते शोधा, आकडा बदला आणि रेखाटन पुन्हा काढायला सांगा. ही सगळी रेखाटने, फसलेलीसुद्धा, मसुद्यासोबत प्रसिद्ध करा. एका रस्त्याला सहा ते आठ आठवडे पुरतील.

कळावे,

वास्तुरचना, नगररचना आणि बांधकाम देखरेखीच्या कामातले आम्ही काही जण